साथीत बंद पडलेली उपासना पुन्हा सुरू करताना: एका जुन्या सेक्रेटरीचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मंडळीत साठेक घरं, चर्चला पत्र्याचं छप्पर, पंचकमिटीत तुम्ही नवीन सेक्रेटरी. कोविडमध्ये उपासना बंद झाली, परत सुरू करताना वादावादी झाली आणि दोन घरं कायमची तुटली. आता पुढच्या वेळेसाठी चार पानांची योजना लिहून ठेवायची आहे, तर सुरुवात कुठून करावी?

जय ख्रिस्त. मी एकतीस वर्षं मिशन हॉस्पिटलात सिस्टर होते, त्यातली नऊ टी.बी. वॉर्डात. निवृत्त झाले, मंडळीची सेक्रेटरी झाले आणि सहा महिन्यांत कोविड आला. आमची मंडळी शहरातली, दीडशे घरांची. चर्च दगडी, जुनं, उंच छताचं. तुमचं-आमचं सगळंच जुळणार नाही, तेव्हा जे उपयोगी पडेल तेवढं घ्या.

पहिल्या पानावर सॅनिटायझर लिहू नका. पहिल्या पानावर नावं लिहा, दार उघडल्यावरही जे येऊ शकणार नाहीत त्यांची. आम्ही हे शेवटी केलं आणि त्याची किंमत मोजली. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ४ जून २०२० ला धार्मिक स्थळांसाठी नियमावली काढली, तीत ६५ वर्षांवरच्यांना, जुने आजार असलेल्यांना, गरोदर बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना घरीच राहायचा सल्ला होता. कागदावर वाचताना ठीक वाटतं. मी मंडळीचं रजिस्टर घेऊन बसले आणि पेन्सिलीने खुणा करत गेले, तर आमचं अख्खं महिला मंडळ, रविवार शाळा आणि पंचांपैकी निम्मे त्यात निघाले. म्हणजे पाऊस असो, पाहुणे असोत, दर रविवारी जे हमखास येतात, नेमके तेच. उरले ते नाताळाला आणि पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला येणारे. त्यांच्यासाठी आम्ही चर्च उघडत होतो!

महाराष्ट्रात तसंही जूनमध्ये काही उघडलं नाही. केंद्राची मुभा ८ जूनपासून होती, पण राज्याने थांबवलं. परवानगी आली ती १६ नोव्हेंबर २०२० पासून, दिवाळीच्या पाडव्याला, आणि जाहीर झाली फक्त दोन दिवस आधी. माझा फोन त्या शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत वाजत होता. सगळ्यांचं एकच, “सिस्टर, मग येत्या रविवारी ना?” मी नाही म्हटलं. २२ तारीख सोडली आणि २९ धरली. २९ नोव्हेंबर हा त्या वर्षी आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार होता. शिवाय १९७० साली त्याच तारखेला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्याला पन्नास वर्षं होत होती. कमिटीला तारीख आवडली. मला खरं म्हणजे एक आठवडा हवा होता, इमारत बघायला.

आठ महिने बंद असलेलं चर्च तुम्ही पाहिलं असेलच. गाण्याच्या पुस्तकांच्या कपाटाला वाळवी, पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलेला, माडीवर पारव्यांचा संसार. हे साफ करता येतं. मला काळजी होती खिडक्यांची. जुन्या मिशनऱ्यांनी उन्हाळ्याच्या भीतीने का होईना, खाली समोरासमोर मोठ्या खिडक्या आणि वर छताजवळ दोरीने उघडणारी झरोक्यांची रांग ठेवली होती. पण मधल्या पन्नास वर्षांत दर रंगकामात खालच्या खिडक्या रंगाने चिकटत गेल्या. वरच्या झरोक्यांच्या दोऱ्या कुजल्या आणि पारवे नकोत म्हणून कोणीतरी तिथे काच ठोकून टाकली. टी.बी. वॉर्डात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं होतं की खोकणाऱ्यापेक्षा बंद खोली वाईट.

मग मी उदबत्तीचा पुडा आणला. आमचे चर्चसेवक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते दारातच थबकले. “सिस्टर, चर्चात उदबत्ती? पाळकसाहेबांना काय सांगू?” म्हटलं, सांगा की सिस्टर हवा बघते आहे. एकेक उदबत्ती पेटवून आम्ही बाकाबाकावर उभे राहिलो. उपदेशपीठाजवळ धूर सरळ वर गेला आणि मग गायनमंडळाच्या बाजूने वाकून बाहेर पडला. मधल्या बाकांवर भिंतीवरच्या पंख्याने तो सरळ मागे ढकलला, म्हणजे पुढच्या माणसाचा श्वास मागच्या माणसाच्या तोंडावर. आणि माडीखाली, शेवटच्या चार बाकांवर, धूर नुसता लोंबकळत राहिला. मामा तिथे उभे होते. ते खोकले आणि म्हणाले, “इथं तर पोरं बसतात.” उशिरा येणारे, लवकर जाणारे, सगळे तिथेच बसतात. ते चार बाक आम्ही दोरी बांधून बंद केले. भिंतीवरचे पंखे काढले. दोन उभे पंखे आणून खिडकीत बाहेरच्या दिशेला तोंड करून लावले, आतली हवा बाहेर फेकायला. सुताराने दोन दिवस पटाशीने रंग खरवडून नऊ खिडक्या मोकळ्या केल्या. साथीच्या काळात आम्ही केलेला सर्वांत शहाणपणाचा खर्च तो.

तुमचं पत्र्याचं छप्पर असेल तर दोन्ही टोकांना, तिकोनी भिंतीत वर, जाळी बसवून घ्या. गरम हवा तिथून निघून जाते. साथ नसली तरी एप्रिलमध्ये लोक तुम्हाला आशीर्वाद देतील.

मूर्खपणाचा खर्चही सांगते. फवारणीचं यंत्र, ताप मोजायची बंदूक आणि दारातली सॅनिटायझरची कमान. माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं, तरी एका उत्साही बंधूने कमान दान दिली आणि नाही म्हणायला तोंड होईना. ती कोपऱ्यात उभी राहिली, आता तिच्यावर नाताळाच्या माळा लावतात. ताप मोजण्यात एकही रुग्ण सापडला नाही. आणि बाक पुसणं! आम्ही दोन उपासनांच्या मधे एकेक बाक पुसत होतो. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने म्हटलं की पृष्ठभागाला हात लावून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी आहे. तोवर मामांच्या हाताची सालं निघाली होती. हात धुवा, ते नेहमीच बरं. पण योजनेत मेहनत आणि पैसा हवेवर टाका.

आणि खरं सांगू का, आम्ही आत गेलोच कशाला, हे मला आजही कळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे पाऊस नाही, सकाळचं ऊन गोड, आवारात चिंचेचं मोठं झाड. पोलीस ठाण्यातून लाउडस्पीकरची परवानगी काढायची, सतरंज्या आणि खुर्च्या लांब लांब मांडायच्या, झालं. पण लोकांना “चर्चमध्ये” जायचं होतं. आठ महिने वेदी पाहिली नव्हती. मी समजू शकते. तरी जानेवारीत सकाळची उपासना झाडाखाली नेली, तेव्हा सगळ्यात जास्त म्हाताऱ्या माणसांनी सुटकेचा श्वास सोडला. तुम्ही योजनेत लिहा: पहिले चार रविवार बाहेर.

आता गाणं. यावर तुमच्याकडे भांडण झालं असणारच. केंद्राच्या नियमावलीत गायनमंडळाला आणि समूहगायनाला मनाई होती, ध्वनिमुद्रित गाणी चालतील असं होतं. कमिटीत एक जण म्हणाले, “बोलायला चालतं, गायला का नाही?” त्यांना मी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट व्हर्नन गावाची गोष्ट सांगितली. १० मार्च २०२० ला तिथे एका चर्चच्या सभागृहात गायकवृंदाची तालीम झाली, अडीच तास. हजर ६१ जण. त्यातल्या एकाला सर्दीची लक्षणं होती. नंतर आणखी ५२ जण आजारी पडले, दोघे दगावले. गाताना माणूस खोल श्वास घेतो आणि जोराने सोडतो, फुप्फुसाच्या तळापासून. तेच तर चांगलं गाणं.

पण ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनांवर वाढलेल्या मंडळीला गाऊ नका म्हणणं म्हणजे जेवणाला बसवून हात बांधणं. आम्ही असं केलं: एक गाणारी, मास्क लावून, खिडकीपाशी. शेजारी तबला. बाकीच्यांनी टाळ्यांचा ठेका धरायचा, ओठ मिटून. स्तोत्र आळीपाळीने वाचायचं, हळू आवाजात. गायनमंडळाची तालीम बंद, नाताळाची घरोघरची कॅरलही बंद. चार रविवार छान गेलं. पाचव्या रविवारी एक आजोबा, मुलाच्या हाताला धरून आलेले, कोणी काही न सांगता उठले आणि त्यांनी भजनाची पहिली ओळ धरली. आवाज फाटलेला, पण सूर पक्का. दुसऱ्या ओळीला अख्खं चर्च त्यांच्याबरोबर होतं. मास्क होते, खिडक्या उघड्या होत्या. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले आणि दोन कडवी होईपर्यंत कोणाला थांबवलं नाही. ती माझी चूक होती. त्यातून कोणी आजारी पडलं नाही, पण कोणी आजारी पडलं नाही म्हणून ती चूक बरोबर होत नाही. तुमच्या योजनेत गाण्यासाठी दहा मिनिटं आवारात ठेवा. आशीर्वाद झाला की सगळे बाहेर, गोल करून, लांब लांब उभे राहून एक भजन. आम्हाला हे फेब्रुवारीत सुचलं. आधी सुचलं असतं तर आजोबांना उठावं लागलं नसतं.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे पाव आणि द्राक्षरस वाटण्याच्या विधीबद्दल, तुम्ही वेगळं विचारलं नाही, पण तंटा तिथेही होतो. आमच्याकडे छोटे काचेचे पेले पूर्वीपासून आहेत. ते वीस मिनिटं उकळायचे, पाव एकाच व्यक्तीने हात धुऊन, मास्क लावून कापायचा, पेला आणि तुकडा झाकून आधीच बाकाच्या टोकाला ठेवायचा. लोक उठत नाहीत, रांग होत नाही. तुमच्याकडे एकच प्याला असेल तर मध्यममार्ग म्हणून पाव प्याल्यात बुडवायचा प्रस्ताव येईल. तो मान्य करू नका, चाळीस जणांची बोटं त्या रसात जातात. त्यापेक्षा नुसती भाकर द्या, किंवा काही महिने थांबा.

एक धोका मात्र कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. आमच्या पहिल्या रविवारी आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लावायला एका मुलीला बोलावलं. दारात तिच्या हातावर भरपूर सॅनिटायझर ओतलेलं, ते ओलंच. काडी पेटवली आणि बोटांवर निळसर काहीतरी सरकलं. दिवसाउजेडी अल्कोहोलची ज्योत जवळजवळ दिसत नाही. तिने हात झटकला, मी पदराने दाबला, थोडक्यात निभावलं. तेव्हापासून वेदीजवळ साबण-पाणी, सॅनिटायझर फक्त दारात.

पैशांचं थोडक्यात: दानाची पिशवी फिरवणं बंद, दाराशी पेटी, भिंतीवर क्यूआर कोड. उत्पन्न घटलं. पाळकांचा आणि चर्चसेवकांचा पगार आधी, बाकी सगळं नंतर, हा ठराव कमिटीत शांततेच्या काळातच करून ठेवा.

जागा वाटताना आम्ही एक मोठी चूक टाळली, नशिबाने. सहा-सात फुटांचं अंतर ठेवून, एक घर एका बाकावर, अशी आमची जागा साठ-बासष्टवर आली. तरुण संघाने मोबाइलवर नावनोंदणीचा फॉर्म बनवला. शुक्रवारी रात्री नऊला टाकला आणि सव्वानऊला भरला. भरणारे सगळे पस्तिशीच्या आतले. तो आम्ही रद्द केला आणि वस्तीप्रमाणे वाटणी केली. या रविवारी साडेसातला अमुक भाग, दहाला तमुक भाग, मधे तासभर दारं-खिडक्या सताड उघडी. प्रत्येक भागाला एक पंच, त्याने फोन करून सांगायचं. कोण कुठल्या बाकावर बसलं ते वहीत. त्या वहीचा उपयोग एकदाच झाला. मंगळवारी एका बहिणीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि दुपारपर्यंत तिच्या उपासनेतल्या सगळ्यांना फोन गेले. तिचं नाव कोणालाही सांगितलं नाही. हे योजनेत ठळक लिहा, कारण नाव फुटलं की पुढचा माणूस ताप लपवतो.

“देव राखील, मास्क कशाला” म्हणणारे सगळीकडे असतात. त्यांच्याशी मी विज्ञानावर बोलत नाही. ते ९१ वं स्तोत्र म्हणून दाखवतात, मरी तुझ्या डेऱ्याजवळ येणार नाही वगैरे. मी मत्तयाचा चौथा अध्याय काढते. मंदिराच्या शिखरावर येशूला उडी मार म्हणताना सैतानाने नेमकं तेच ९१ वं स्तोत्र वापरलं होतं, आणि येशूने उडी मारली नाही. यावर आजवर एकानेच उत्तर दिलं, “सिस्टर, तुम्ही मला सैतान म्हणता काय?” पण पुढच्या रविवारी ते मास्क लावून आले.

नाताळाला ५० ची मर्यादा आली, मध्यरात्रीची उपासना संध्याकाळी सातला किंवा त्याआधी घ्या असं सरकारने सांगितलं. ते निभावलं. मार्च २०२१ मध्ये परत आकडे चढले. २८ मार्चला झावळ्यांचा रविवार होता, मिरवणूक न काढता लोकांनी बाकावरच झावळ्या हलवल्या. ४ एप्रिलला पुनरुत्थानाचा सण, पहाटेची उपासना नाही, कारण रात्रीची संचारबंदी. सकाळी मोजकी माणसं जमली, घरी गेली आणि त्याच दिवशी बातमी आली की ५ तारखेपासून धार्मिक स्थळं पुन्हा बंद. आम्ही खरं तर दोन आठवडे आधी स्वतःहून बंद करायला हवं होतं. हॉस्पिटलातल्या माझ्या जुन्या मैत्रिणी सांगत होत्या की खाटा भरत आल्यात. बंद करण्यासाठी सरकारी आदेशाची वाट बघू नका. जवळच्या हॉस्पिटलात खाट मिळेनाशी झाली की बंद, इतकं साधं वाक्य योजनेत पुरे.

त्या एप्रिल-मे बद्दल फार लिहवत नाही. अंत्यविधीला वीसच माणसं, तीही आली तर. आमच्या मंडळीच्या दफनाच्या नोंदवहीत एक रकाना पाळकांच्या सहीचा आहे. त्या दोन महिन्यांत अकरा नोंदी आणि त्यातल्या सातांसमोर तो रकाना कोरा. कोणाला परस्पर हॉस्पिटलातून नेलं, कोणाचं दुसऱ्या गावी झालं, कुठे पाळकच आजारी. त्या अकरांपैकी सहा जण ६५ च्या वरचे, पेन्सिलीने खूण केलेले. नोव्हेंबरपासून त्यांच्यातल्या दोघांच्या घरी मंडळीतलं कोणीही गेलेलं नव्हतं. आम्ही उघडण्यात गुंतलो होतो. अंतर मोजत होतो, बाक पुसत होतो.

म्हणून पहिलं पान नावांचं. आम्ही उशिरा का होईना केलं ते असं: प्रत्येक नावासमोर फोन कसला ते लिहिलं, कारण निम्म्यांकडे साधा बटणांचा फोन. व्हिडिओ उपासनेचा त्यांना काही उपयोग नव्हता. गुरुवारी संध्याकाळी पाच-पाच जणींना कॉन्फरन्स कॉलवर घेऊन प्रार्थना व्हायची, पंधरा मिनिटं. त्यातली दहा मिनिटं आवाज येतोय का विचारण्यात जायची, ती पण त्यांना हवी होती. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस सुरू झाली, तेव्हा प्रत्येकीला केंद्रावर नेणारा माणूस याच यादीवरून ठरला. पाळक फाटकाशी उभं राहून प्रभुभोजन देऊन यायचे.

७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, धार्मिक स्थळं पुन्हा उघडली. १० तारखेच्या रविवारी आम्ही संदेश ठेवला नाही. नावं वाचली. अकरा आणि पहिल्या लाटेतली चार. प्रत्येक नावाला त्या घरचं कोणीतरी उभं राहायचं. एका नावाला कोणीच उभं राहिलं नाही. ते घर आलंच नव्हतं.

तुमच्या तुटलेल्या दोन घरांचा प्रश्न तुम्ही शेवटी, कंसात विचारलात. आमचंही हे एक घर होतं. डिसेंबरात मी त्यांच्याकडे गेले, एकटीच. कमिटी घेऊन जाऊ नका, माणसं कमिटीशी बोलत नाहीत. पिशवीत दफनाची नोंदवही होती. चहा झाला, मुलगा गप्पच. मग मी वही उघडून त्याच्या वडिलांच्या नावासमोरचा कोरा रकाना दाखवला आणि म्हटलं, त्या दिवशी आमच्यापैकी कोणी नव्हतं, ही जागा तशीच राहिली आहे, तूच सांग काय लिहायचं. त्याने बराच वेळ पान बघितलं. मग माझ्याकडून पेन घेतलं आणि सहीच्या जागी त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या चौघांची नावं लिहिली, स्वतःचं शेवटी. आता तो नाताळाला येतो, मागच्या बाकावर बसतो. तिथे आता खिडकी आहे.